जुन्या 'हार्डी परफेक्ट' रिळाची पारख: चकाकी सोडा, झीज बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आजोबांच्या ट्रंकेत ३ ३/८ इंची 'हार्डी परफेक्ट' हे फ्लाय फिशिंगचं, म्हणजे कृत्रिम माशीच्या गळाने मासे धरण्याच्या खेळातलं, रीळ सापडलं. निलगिरीतल्या चहाच्या मळ्यावरच्या साहेबाने मायदेशी परतताना ते त्यांना दिलं होतं. ते दर्जाने कसं आहे, येत्या एप्रिलमध्ये हिमाचलातल्या तीर्थन नदीवर ट्राउट माशासाठी नेता येईल का, आणि ओळखीचा एक बफिंगवाला ते 'नव्यासारखं' करून द्यायला तयार आहे तर द्यावं का, हे तुम्हाला हवं आहे.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथे घाई झाली तर बाकीच्या उत्तराला अर्थ उरणार नाही. बफिंगला देऊ नका. बफिंगचं चाक कडा गोल करतं, कोरलेली अक्षरं उथळ करतं आणि त्या काळी धातूवर दिलेला शिशासारखा काळपट मुलामा कायमचा घालवतं. किंमत घटते ती निराळीच. पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. जुन्या रिळाची परीक्षा झिजेवरून होते. कुठे झिजलंय, किती झिजलंय, सगळीकडून सारखं झिजलंय की एकाच अंगाने, यावरून ते घडवणाऱ्याचा हात कसा होता आणि नंतर वापरणाऱ्याचा कसा होता, दोन्ही कळतं. बफिंगवाला हा सगळा पुरावाच पुसून टाकतो.

रिळाची थोडी पार्श्वभूमी सांगतो. इंग्लंडच्या उत्तरेला नॉर्थम्बरलंडमध्ये ॲनिक नावाचं गाव आहे. तिथे १८७२ मध्ये विल्यम हार्डी यांनी बंदुकांच्या कामाचं दुकान काढलं आणि पुढे भावंडांनी मिळून ते मासेमारीच्या सामानाकडे वळवलं. परफेक्टचं पहिलं पेटंट १८८८चं, फॉर्स्टर हार्डी या भावाच्या नावावरचं. लाइन, म्हणजे गळाची दोरी, गुंडाळतात तो ड्रम साध्या बुशवर, म्हणजे धातूच्या नळीवर, न फिरवता छर्ऱ्यांवर फिरवायचा, ही त्यातली कल्पना. सायकलींमध्ये छर्रे रुळत होते तोच हा काळ. सुरुवातीची रिळं सबंध पितळी, मग फक्त दर्शनी तबकडी पितळी, मग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची. बारीकसारीक बदल होत हे रीळ १९६०च्या दशकापर्यंत निघत राहिलं आणि बंद पडल्यावर पुन्हा काढावं लागलं.

फ्लायच्या रिळाला छर्ऱ्यांची गरज होती का? माझ्या मते फारशी नव्हती. ट्राउट ओढतो त्या भारासाठी नीट बसवलेला पितळी बुश आणि तेलाचा थेंब पुरतो. त्याच कारखान्यातली युनिका आणि सेंट जॉर्ज ही रिळं साध्या अक्षावरच फिरत आणि त्यांनीही पिढ्यान्‌पिढ्या मासे काढले. परफेक्टमध्ये छर्ऱ्यांचा फायदा आडवाटेने झाला. छर्रे घालायचे म्हणजे अक्ष, खाच आणि ड्रम एका मध्याला आणावेच लागतात, जुळवणीत ढिलाई चालत नाही. त्या बंधनामुळे सबंध रीळ नेमकं झालं.

आता तुमचं रीळ हातात घ्या. अजून काही उघडू नका.

पहिल्यांदा पाय बघा, म्हणजे रॉडला बसतो तो खालचा भाग. लोकांची नजर हँडलकडे आणि नावाकडे जाते, पण पायाइतकं खरं बोलणारा दुसरा भाग नाही. आधीच्या परफेक्टला गुळगुळीत पितळी पाय, मग रेघा असलेला पितळी पाय आणि नंतर मिश्रधातूचा पाय आला. त्यामुळे काळाचा ढोबळ अंदाज येतो. त्याहून महत्त्वाची असतात त्याची टोकं. वेगवेगळ्या रॉडच्या सीटमध्ये, म्हणजे रीळ बसवायच्या खोबणीत, बसावा म्हणून कित्येक मालकांनी पाय कानशीने घासून बारीक केलेला असतो. दोन्ही टोकं सारखी आणि सफाईने घासली असतील तर वापराला बाधा नाही, संग्राहकाच्या लेखी मात्र भाव उतरतो. एकच टोक वेडंवाकडं खाल्लेलं असेल तर रीळ रॉडवर तिरकं बसतं आणि लाइन वाकडी येते. रीळ रॉडवर चढवून मागून एका डोळ्याने पाहा. ड्रमची कड आणि रॉडची रेघ समांतर हवी. पाय जिथे चौकटीला जोडला आहे तिथे पितळ आणि ॲल्युमिनियम एकमेकांना भिडतात. ओल राहिली तर हे दोन धातू आपसात झगडतात आणि ॲल्युमिनियम हरतं. पांढरी भुकटी किंवा फुगलेला मुलामा दिसला तर त्याची दखल घ्या. खाऱ्या पाण्याने हे फार वेगाने होतं, म्हणून कोकणात किंवा गोव्यात हौसेने समुद्रावर हे रीळ वापरायचा विचार मनातही आणू नका.

मग चौकटीची कड. बोट फिरवा. पोचा असेल तर नखाला लागतो. परफेक्टमध्ये हँडलची अख्खी तबकडी फिरते आणि ती चौकटीच्या कड्याच्या आत बसते, त्यामुळे कड्याला पडलेला छोटासा पोचाही तबकडीला घासू शकतो. रीळ उजेडाकडे धरून हँडल सावकाश फिरवा आणि तबकडी व कडं यांमधली फट बघा. चांगल्या नमुन्यात ती केसाएवढी आणि सगळीकडे सारखी असते. पूर्ण फेऱ्यात कुठे रुंद, कुठे अरुंद होत असेल तर दोन शक्यता. रुंद जागा तबकडीबरोबर फिरत असेल तर तबकडी वाकलीय. रुंद जागा चौकटीवर एकाच ठिकाणी राहत असेल तर चौकट दबलीय किंवा अक्ष वाकलाय. टूलरूममध्ये हे डायल लावून मोजतात, पण नजर आणि संयम असला तर डायलशिवायही कळतं.

फटीची आणखी एक परीक्षा मी नेहमी करतो आणि ती कोणालाही घरी करता येते. बारीक टिपेट, म्हणजे गळाला बांधतात तो लाइनच्या टोकाचा पारदर्शक धागा, घ्यायचा, ५एक्स मापाचा. त्याची जाडी काढायचा ठोकताळा सोपा आहे: ११मधून एक्सचा आकडा वजा करा, उरले ६, म्हणजे इंचाचे ६ हजारांश, ०.१५ मिमी. हा धागा ड्रमवर गुंडाळताना मुद्दाम कडेला ढकला. ड्रम आणि चौकट यांच्या फटीत तो शिरत असेल तर नदीवर तुमचा लीडर, म्हणजे लाइन आणि टिपेट यांमधला निमुळता धागा, नेमका मासा लागल्यावर त्या फटीत जाऊन अडकणार. जुन्या स्वस्त रिळांची हीच खोड असते. परफेक्ट धड असेल तर सहसा धागा शिरत नाही. शिरला तर अक्षाच्या दिशेने खेळ आलाय असं समजा. तबकडी आतबाहेर दाबून पाहिली की तो हाताला लागतो. किंचित खेळ हवाच, नाहीतर थंडीत रीळ जड चालेल. 'टक' असा आवाज येण्याइतका मात्र नको.

हँडल फिकट पिवळं पडलंय, असं तुम्ही लिहिलंत. ते बहुधा आयव्हरीनचं, म्हणजे हस्तिदंताची नक्कल करणाऱ्या जुन्या प्लास्टिकचं असणार. पिवळेपणा वयाचा आहे, त्याला हात लावू नका. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर तर अजिबात नको, पृष्ठभाग विरघळेल. हँडल आपल्या दांड्यावर मोकळं फिरायला हवं, पण डगमगायला नको. दांड्याचं रिव्हेट पुन्हा ठोकल्याच्या खुणा दिसल्या तर कोणीतरी आधी दुरुस्ती केलीय, एवढंच धरून चाला.

आता कान लावा. हँडल पुढे फिरवा, मग लाइनच्या टोकाला धरून ओढा. दोन्हीकडे खटक्याचा आवाज येईल. आत ड्रमवर एक दातेरी चक्र असतं आणि त्याच्या दातांवर स्प्रिंगने दाबलेलं एक छोटं कुत्रं बसतं, सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतं त्याच जातीचं. परफेक्टच्या खटक्याच्या रचना बदलत गेल्या. १८९६चा, १९०५चा, १९१२चा, १९१७चा अशा सालांच्या नावांनी जाणकार त्या ओळखतात. पुढच्या काळातल्या अनेक रिळांवर 'डुप्लिकेटेड मार्क २' असा शिक्का दिसतो. तुमच्या रिळावर तो असेल तर ते पहिल्या महायुद्धाच्या सुमाराचं किंवा नंतरचं मानायला हरकत नाही. ट्राउटवर वापरायचंय त्याच्यासाठी ही चांगली बातमी, कारण तो खटका दणकट आहे आणि ताण कमीजास्त करायला कडेला छोटा स्क्रू असतो.

आवाजात काय ऐकायचं? एकसारखेपणा. सावकाश फिरवताना प्रत्येक दाताचा ठोका सारख्या अंतराने आणि सारख्या जोराने पडायला हवा. फेऱ्यात एकाच ठिकाणी आवाज मऊ पडत असेल तर तिथले दात झिजलेत किंवा चक्र मध्यापासून सरकलंय. सगळेच ठोके बोथट असतील तर कुत्र्याचं टोक गोल झालंय, आणि तो बदलता येणारा भाग आहे. किरकिर आणि खरखर यांत फरक करा. खरखर म्हणजे बहुधा वाळू किंवा वाळलेलं ग्रीस. मोठा कर्कश आवाज चांगल्या रिळाची खूण असते, ही निव्वळ हौशी समजूत. खटका लाइन मोकाट सुटू नये म्हणून असतो, आवाज हा त्याचा उपपरिणाम.

म्हणून खटक्याची खरी परीक्षा झटक्याची. रिळावर लाइन भरलेली असू द्या. हाताने मीटरभर लाइन जोरात खेचून एकदम थांबा. ड्रम पाव फेऱ्याच्या आत थांबला पाहिजे. तो पुढे फिरत राहिला तर आतली वेटोळी सैल पडून एकमेकांत गुंततात, आणि मासा दुसऱ्यांदा पळतो तेव्हा लाइन अडकते. कडेचा स्क्रू थोडा आवळून पुन्हा पाहा. आवळूनही फरक पडत नसेल तर स्प्रिंग मेलीय.

एवढं बाहेरून जमलं की उघडायचं. आधी टेबलावर कडा असलेला ट्रे आणि त्यात पांढरा कपडा. हे सांगायचं कारण म्हणजे छर्रे. काही परफेक्टमध्ये ते जाळीत धरलेले असतात, काहींत खाचेत सुटे. सुटे असले तर तबकडी निघताच ते घरभर पळतात आणि नेमक्या मापाचा छर्रा पुन्हा मिळवणं सोपं नसतं. मधला छोटा स्क्रू काढून मग तबकडी सोडवायची असते. परफेक्ट उजव्या किंवा डाव्या हाताने गुंडाळण्यासाठी वेगवेगळं बनवत, आणि गुंडाळताना तबकडी सुटू नये अशा बेताने आट्यांची दिशा ठेवत. त्यामुळे एका बाजूने सुटत नाही म्हणून जोर लावू नका, आधी दुसऱ्या बाजूने हलकेच पाहा. उजव्याचं डावं करून घेण्याचा नादही सोडा.

स्क्रूंची डोकी बघा. खाचा धारदार आणि सरळ असतील तर आतापर्यंत शहाण्या हातांनीच उघडलंय. खाचा फाटलेल्या असतील तर आत आणखी करामती सापडतील या तयारीने पुढे जा. पेचकस खाचेच्या जाडीचा आणि रुंदीचा हवा. बाजारातल्या पेचकसाची पाचरीसारखी निमुळती धार खाचेतून वर उसळते. दगडावर घासून ती समांतर करून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.

आणि इथे आपल्याकडच्या कारागिरांना एक कळकळीची सूचना. त्या काळच्या इंग्रजी यंत्रांत बारीक स्क्रूंना बीए, म्हणजे ब्रिटिश असोसिएशन, या जुन्या इंग्रजी पद्धतीचे आटे सर्रास असतात. ५ बीएचा स्क्रू ३.२ मिमीचा, आट्याचं अंतर ०.५९ मिमी, आट्याचा कोन साडेसत्तेचाळीस अंश. आपल्या एम ३, म्हणजे ३ मिमीच्या मेट्रिक, स्क्रूचं अंतर ०.५ आणि कोन ६० अंश. एम ३ सुरुवातीला दोन फेरे गोडीने जातो, मग अडतो, आणि 'जाईल की' म्हणत पेचकस दाबला की ॲल्युमिनियममधले आटे साफ जातात. स्क्रू हरवला असेल तर तो लेथवर करून घ्या किंवा बीएचाच मागवा. मुंबई-पुण्याच्या जुन्या हार्डवेअर पेठांत विचारलं तर अजूनही कधीकधी मिळतो.

आत पाहायच्या गोष्टी फार नाहीत, पण प्रत्येक नीट पाहण्यासारखी आहे. छर्रे कपड्यावर घेऊन भिंगातून बघा. गुळगुळीत आणि एकसारखे हवेत. एखादाच मोठा असेल तर सगळा भार तो एकटा घेतो आणि खाचेला चर पाडतो. खाचेत टाचणीचं टोक फिरवा. छोटे छोटे खड्डे लागले तर रीळ कधीतरी जोरात आपटलंय किंवा छर्ऱ्यांवर गंज चढूनही फिरवलं गेलंय. सगळीकडे सारखा चकचकीत पट्टा दिसला तर तो वर्षानुवर्षांच्या नीट वापराचा दाखला आहे. मला तसा पट्टा असलेलं रीळ कोऱ्या, पेटीबंद रिळापेक्षा जास्त भरवशाचं वाटतं. कोरं रीळ कसं चालेल याचा तर्क करावा लागतो, या रिळाने चालून दाखवलेलं असतं.

मग कुत्रं बोटाने वर धरून ड्रम अक्षावर मोकळा फिरू द्या. हँडल आडवं, घड्याळात तीन वाजतात त्या जागी आणून सोडा. स्वतःच्या वजनाने ते खाली येईल, पलीकडे चढेल, पुन्हा येईल, आणि बरेच झोके घेऊन थांबेल. थांबता थांबता झोके हळूहळू लहान होत गेले पाहिजेत. मधेच एकाएकी थबकलं तर कुठेतरी घासतंय. ही परीक्षा रीळ स्वच्छ केल्यावरच करायची, वाळलेल्या तेलाने कुठलंही रीळ नापास होतं.

चौकटीच्या आतल्या बाजूला एखादी-दोन इंग्रजी अक्षरं ठोकलेली दिसली तर ती ओरखडा समजून घासू नका. दोन्ही महायुद्धांच्या मधल्या काळात रीळ जोडणारे कारागीर आपली आद्याक्षरं आत ठोकत. काळ ठरवायला त्यांचा उपयोग होतो. पण मला त्यातलं आवडतं ते हे, की गिऱ्हाइकाला कधी दिसणारही नाही अशा जागी माणसाने आपलं नाव लावलं आहे, म्हणजे काम परत आलं तर कोणाकडे बोट दाखवायचं हे ठरलेलं होतं. त्याच्याच शेजारी आतल्या भिंतीवर लेथच्या बारीक, समान रेघा दिसतील. बाहेरून सगळेच गुळगुळीत करतात. आतून रेघा एकसारख्या असणं ही खरी शिस्त.

आता नदीवरच्या कामगिरीबद्दल, कारण इथे जुन्या रिळांबद्दल फार भाबडेपणा चालतो. ट्राउट फिशिंगमध्ये रिळाचं नव्वद टक्के काम लाइन सांभाळण्याचं. कास्टिंग, म्हणजे लाइन फेकणं, रॉड करतो, मासा बहुतेक वेळा हाताने लाइन ओढून काढला जातो. मासा मोठा असला आणि पळाला तरच रीळ कामाला लागतं. तेव्हा काय होतं ते आकड्यांत बघा. ड्रम भरलेला असताना लाइनच्या गुंडाळीचा व्यास समजा ७६ मिमी. एका फेऱ्यात साधारण २४ सेंटिमीटर लाइन येते. मासा लाइन घेऊन गेला आणि व्यास ४४ मिमीवर आला की फेऱ्याला उरतात जेमतेम १४ सेंटिमीटर. त्याच वेळी खटक्याचा ताण वाढतो. ड्रमला अडवणारा जोर तेवढाच असतो, पण लाइन आता मध्याच्या जवळून ओढते. भरलेल्या ड्रमवर २०० ग्रॅमने सुटणारी लाइन आता साडेतीनशे ग्रॅमच्या घरात गेल्याशिवाय सुटत नाही. त्यात पाण्यातल्या लांब लाइनचा ओढा मिळवा. म्हणून खटका घरी आवळून ठेवणारा माणूस मासा दूर गेल्यावर टिपेट तुटला म्हणून हळहळतो. साध्या वजनकाट्याच्या आकड्याला लाइन बांधून ओढून पाहा. ५एक्स टिपेट साधारण २ किलोच्या आसपास तुटतो, गाठीने त्याहून लवकर. भरलेल्या ड्रमवर दीड-दोनशे ग्रॅम ताण पुष्कळ झाला, बाकीचा ब्रेक हाताने द्यायचा.

आणि हाताने ब्रेक देणं हा परफेक्टचा कच्चा दुवा. ड्रमची कड चौकटीत बंद असल्यामुळे तळवा लावायला उघडी कड नाही. लोक फिरत्या तबकडीवर तळवा टेकवतात किंवा बोटाने लाइन रॉडच्या मुठीवर दाबतात. जमतं, पण सवय लागते. हँडल मात्र वेगाने फिरत असतं, तेव्हा बोटांच्या सांध्यांची काळजी घ्या. या बाबतीत ऑर्व्हिस या अमेरिकी कंपनीचं सीएफओ रीळ, १९७१ पासूनचं, सरळसरळ सरस आहे: हलकं, उघड्या कडेचं आणि गंमत म्हणजे बनायचं हार्डींकडेच. अमेरिकेतलं फ्लूगर मेडलिस्ट त्या मानाने गरिबाघरचं, पण त्यात घर्षणाचा ब्रेक आहे आणि ते निमूटपणे काम करतं. कामगिरीच्या तक्त्यात गुण दिले तर आजचं मध्यम किमतीचं डिस्क ब्रेकचं रीळ या तिघांनाही मागे टाकेल. हे मान्य करूनही मी लहान नदीवर परफेक्ट नेतो, कारण तिथे डिस्क ब्रेकची गरज पडत नाही आणि खटका काय करतोय ते बोटांना व कानाला आपोआप कळतं.

वजनाचा प्रश्न मात्र खरा आहे. तुमच्या मापाचं परफेक्ट पाव किलोच्या वर भरेल. आजच्या ९ फुटी ग्रॅफाइट रॉडचं वजन बऱ्याचदा १०० ग्रॅमहून कमी असतं. अशा रॉडला हे रीळ लावलं की तोल मुठीच्या मागे जातो आणि टोक उगाच वर तरंगतं. हे रीळ बांबूच्या चिरफळ्यांच्या, पुढे जड असलेल्या रॉडसाठी घडलंय. बांबूचा नसेल तर फायबरग्लासचा घ्या, तोही चालेल.

लाइन निवडताना जुन्या तक्त्यांवर विसंबू नका. ते रेशमी लाइनचे आहेत. तेव्हा माप वजनाने नव्हे तर जाडीच्या अक्षरांनी सांगत: 'एचडीएच' म्हणजे टोकं ०.०२५ इंच, पोट, म्हणजे मधला भाग, ०.०४५ इंच. पहिल्या ३० फुटांच्या वजनावरून नंबर द्यायची आजची पद्धत १९६१ची. रेशीम त्याच वजनाच्या प्लास्टिकच्या लाइनपेक्षा बारीक असतं, म्हणून जुन्या हिशोबातली लाइन आणि बॅकिंग, म्हणजे लाइनच्या मागे गुंडाळलेली जादा दोरी, आज मावत नाही. ३ ३/८ इंची रिळावर ६ नंबरची डबल टेपर, म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, लाइन आणि मागे बेताचं बॅकिंग, असा हिशोब धरा. कडेपासून चार-पाच मिलिमीटर मोकळे राहू द्या. रेशमी लाइन वापरायची हौस असेल तर रोज संध्याकाळी ती रिळावरून काढून वाळवावी लागते, नाहीतर कुजते. जुन्या रिळांना भोकं असायची त्यामागे हेही कारण होतं. चार्ल्स ऑर्व्हिस यांचं १८७४चं पेटंट असलेलं सच्छिद्र रीळ लाइनला हवा लागावी म्हणूनही गाजलं.

तीर्थनला नेण्याबद्दल: वरच्या परीक्षांत पास झालं तर खुशाल न्या. तिथला ट्राउट, ब्राउन असो की रेनबो, या रिळाच्या आवाक्यातला आहे. मासेमारी खात्याचा परवाना लागतो आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंदी असते, एप्रिल त्यात येत नाही. पाणी बर्फाचं असतं, म्हणून आत घट्ट ग्रीस भरू नका, थंडीत ते गोठल्यासारखं होतं. छर्ऱ्यांना शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब, दातेरी चक्राला पातळ ग्रीसचं नुसतं बोट. रीळ वाळूत ठेवायचं नाही. मुक्कामी आल्यावर कोरडं पुसून कापडी पिशवीत घालायचं, चामड्याच्या ओल्या डब्यात रात्रभर कोंडायचं नाही.

महसीर या मोठ्या नदीतल्या माशासाठी मात्र हे माप नेऊ नका. वेगवान नदीत सोनेरी महसीर एका दमात इतकी लाइन ओढतो की वरचा व्यासाचा हिशोब तुमच्या विरोधात जातो, आणि बॅकिंगही पुरत नाही. आपल्याकडचा खडस त्याच कुळातला. लोणावळ्याला टाटा पॉवरच्या केंद्रात महसीरची पैदास अनेक दशकं चालली आहे. जिथे नियमाने परवानगी असेल तिथे या कुळातल्या माशासाठी मोठ्या ड्रमचं, पक्क्या ब्रेकचं आजचं रीळ घ्या.

किमतीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. विकायचंच असेल तर साफसफाईसुद्धा करू नका, जसं आहे तसं दाखवा. घासलेला पाय, बदललेलं हँडल, पुन्हा दिलेला रंग या तिन्ही गोष्टी भाव पाडतात. पूर्वीची सबंध पितळी आणि पितळी तबकडीची रिळं दुर्मिळ आणि महाग. तुमचं मिश्रधातूचं असेल तर ते वापरायच्याच जातीचं आहे. छर्रे मोजून, फोटो काढून मगच सोडवा, आणि खाचेत खड्डे दिसले तर छर्रे बदलायच्या आधी मला खाचेचा जवळून काढलेला फोटो पाठवा. खाच बिघडलेली असताना नवे छर्रे घातले तर तेही वाया जातील.